पेट्रोल हाय, लायसन्स न्हाय

रविवारी सकाळी आमच्या चौलच्या रस्त्यावर तुम्हाला एक गृहस्थ मोटारसायकल ढकलत नेताना दिसतील. पांढरा शर्ट, खाकी पँट, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट. गाडी तांबडी, जुनी, पण पुसून लख्ख केलेली. तुम्ही नवखे असाल तर थांबून विचाराल, "काका, पेट्रोल संपलं का?"

"पेट्रोल हाय," काका ढकलता ढकलता सांगतील. "लायसन्स न्हाय."

हे आमचे शेजारी, दत्ताकाका म्हात्रे. लायसन्स नाही म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. बिनगिअरच्या गाडीचं आहे, आणि त्यावर ते आपली स्कूटर रोज बाजारात नेतात. पण तांबडी गाडी पडली गिअरची. कायद्याचं म्हणणं असं, की गिअरच्या गाडीवर परीक्षा दिलीत तर दोन्ही चालवा. बिनगिअरच्या गाडीवर दिलीत तर गिअरवालीच्या वाटेला जाऊ नका. आमच्याकडे हा कायदा सगळ्यांना माहीत आहे आणि पाळणारा एकच आहे.

"ढकलनाऱ्याला लायसन्स लागत न्हाय. मी इचारून आलोय," काकांनी मला एकदा सांगितलं होतं. ते खरोखरच विचारून आले असणार, यात मला शंका नाही.

"मग हेल्मेट कशाला?"

"गाडी गिअरची हाय ना."

मी माझ्या वाटेने गेलो.

काका एसटीत कंडक्टर होते. ते निवृत्त झाले, पण एसटी त्यांच्यातून काही उतरली नाही. लग्नाच्या पंगतीत मधली पानं रिकामी दिसली की त्यांचा आवाज येतो, "मधे जागा हाय, पुढं सरका." बोलणं पुरे झालं की समोर जे असेल, टेबल म्हणा, दार म्हणा, त्यावर दोन टिचक्या मारतात आणि म्हणतात, "चला, डबल." एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे निघ. हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं आहे. आमच्या सत्यनारायणाला भटजींनी आरतीत एकदाच घंटा वाजवली, तर काका टाळ्या थांबवून ताठ उभे राहिले. भटजी बिचारे घाबरून आरतीचं कडवंच विसरले.

गाडी शालनकाकूंची, म्हणजे काकांच्या बायकोची. काकू आरोग्यसेविका होत्या. आजूबाजूच्या सगळ्या गावांत त्यांना नर्सबाई म्हणत. काका एसटीची रात्रमुक्कामाची गाडी घेऊन कुठे कुठे असायचे, आणि काकू लसींचा निळा डबा मागे बांधून वाड्यावस्त्यांवर. नवराबायकोने लायसन्सची परीक्षा एकाच दिवशी दिली होती. काकूंनी गिअरच्या गाडीवर, काकांनी बिनगिअरच्या. सुट्टीच्या दिवशी काकू पुढे आणि काका मागे असे दोघं रेवदंड्याला निघत. खांद्यावर दोन थापा पडल्याशिवाय काकू गाडी हलवत नसत.

"दत्ता, घरात पन कंडक्टरच काय रे तू?" असं नाक्यावरून कुणीतरी ओरडायचं.

"ज्याची त्याची ड्युटी," काका मागे वळून सांगायचे.

मूलबाळ नव्हतं. काकू तापाचं निमित्त होऊन गेल्या, आणि गाडी पडवीत उभी राहिली. महिनाभराने एका रविवारी काका ती ढकलत बाहेर घेऊन आले. "उभी ठेवली तं टायर बसतात," म्हणाले. तेव्हापासून हा रविवारचा कार्यक्रम सुरू आहे.

यंदा त्यात विघ्न आलं. गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली. आता नव्याने नोंदणी करायची तर गाडी पेणच्या आरटीओत नेऊन साहेबांना दाखवायला हवी. नाही दाखवली, तर कागदोपत्री ती मेली आणि मुक्काम भंगारात. पेण काही ढकलत नेण्यासारखं गाव नाही. काका दोन दिवस पडवीत गाडीशेजारी खुर्ची टाकून बसून होते. मी म्हटलं, "मी नेतो. माझं लायसन्स गिअरचं आहे."

"मग आपल्या गाडीवर बस. जिची गाडी तिनं चालवायची, न्हाय तं मी."

"टेम्पोत घालून नेऊ."

"टेम्पोत? का, आजारी हाय ती?"

तेव्हा राहता राहिला एकच मार्ग. साठी केव्हाच उलटलेल्या काकांनी गिअरचं लायसन्स काढायचं. काकांनी शिकाऊ परवाना आणला, गाडीला पुढेमागे तांबडा एल चिकटवला आणि मला हुकूम सोडला की शिकणाऱ्याच्या मागे पक्का लायसन्सवाला बसलेला पाहिजे, लायसन्स खिशात घेऊन. जन्मभर मागे बसलेला माणूस पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात त्यांच्या नारळाच्या वाडीमागच्या मोकळ्या जागेत सुरू झाली.

स्कूटरला डाव्या हातात ब्रेक असतो. गिअरच्या गाडीला तिथे क्लच असतो. हा फरक काकांच्या डोक्याला पटला, हाताला पटेना. थांबायचं म्हटलं की ते डावी मूठ जिवाच्या आकांताने आवळत. मग इंजिनाचा जोर सुटायचा आणि गाडी मोकळी होऊन आणखी मजेत पळायची. आम्ही दोनदा सोडणांच्या, म्हणजे नारळाच्या सालींच्या, ढिगात गेलो. सोडणं मऊ असतात असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

गिअर टाकताना काका थांब्यांसारखी नावं पुकारायचे. "पयला! चला, दुसरा आला, दुसरा!" तिसरा मात्र येत नसे. तिसऱ्याला त्यांचा रूटच नव्हता. आणि मी पाठीवर दोन थापा मारल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही.

परीक्षा घ्यायला साहेब तालुक्याच्या गावी यायचे, आणि तिथल्या मैदानात इंग्रजी आठाचा आकडा आखलेला होता. त्यावरून पाय न टेकता गाडी काढायची. साहेब भला माणूस. त्यांनी हात वर केला आणि निघायची खूण म्हणून शिट्टी वाजवली. एकदाच.

काका निघालेच होते. शिट्टी ऐकली आणि गच्च ब्रेक मारून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, साहेबांकडे बघत उभे राहिले. साहेब काकांकडे बघत राहिले. काका नापास झाले.

"मी साहेबांना सांगतो दोनदा वाजवायला," मी परत येताना म्हटलं. मला खरंच वाईट वाटलं होतं.

"सायबाला काय सांगतोस? चुकी माझी हाय."

मग मी एक शिट्टी विकत आणली. मी एकदा वाजवायचो आणि काकांनी निघायचं. किती सोपं! पण प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं कुणी त्यांना भरल्या गाडीतून प्रवासी खाली ढकलायला सांगतंय. अखेर एका संध्याकाळी ते शिट्टीवर निघाले, आणि शेजारणीने कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या खेपेला काका पास झाले. ओठ गिअर पुकारत होते, पाय मात्र कुठे टेकले नाहीत. पुढे पक्कं लायसन्स आलं आणि काकांनी तांबडी गाडी स्वतः चालवत पेणला नेली. मी माझ्या गाडीवर मागे होतो. त्यांच्या वेगाने जाताना मला झोप येत होती. साहेबांनी गाडी पाहिली, पसंत केली, आणि नर्सबाईंच्या गाडीला आणखी आयुष्य मिळालं. काकांनी गल्लीत पेढे वाटले. झालं, संपलं, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी काका वाडीतून सुसाट, म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये, रेवदंड्याकडे गेले. त्याच्या पुढच्या रविवारी मी बाहेर पडलो तर काका हेल्मेट घालून गाडी ढकलत चाललेले.

"काका, आता काय झालं? पेट्रोल संपलं?"

"पेट्रोल हाय."

"लायसन्स?"

"ते पन हाय." त्यांनी शर्टाचा खिसा थोपटला.

"मग?"

काकांनी गाडी ढकलणं चालूच ठेवलं. मी बरोबर चालू लागलो.

"मागल्या रविवारी चालवत गेलो ना," ते म्हणाले, "तं वाटंत कोन बोललाच न्हाय. भुर्रकन रेवदंडा आला. ढकलत नेली की लोक थांबवतात. पेट्रोल इचारतात, मग गाडी बघतात, मग बोलतात, नर्सबाईंची गाडी ना ही? अन् सांगतात."

"काय सांगतात?"

"तिचं. एक म्हातारी बोलली, भर पावसात माझ्या सुनेला हिच्यावर बसवून दवाखान्यात नेलीन. मला ठाव न्हवतं. एक जन बोलला, सुई टोचायच्या आधी पोरांना गानं म्हनायच्या. गानं! घरात कधी म्हटलंन न्हाय रे. मी मुक्कामाला, ती फिरतीवर. माझ्यापेक्षा ह्या रस्त्याला ती जास्त ठाव हाय."

त्याच क्षणी मला आठवलं.

"काका, ते गाणं माझ्यासाठीपण म्हटलं होतं. मी सुईच्या भीतीने आमच्या चिकूवर चढून बसलो होतो. काकू खाली उभ्या राहून म्हणत होत्या, मी उतरेपर्यंत."

काका थांबले. गाडी स्टँडला लावली आणि हेल्मेट काढून आरशाला अडकवलं.

"येतं तुला?"

खेकड्याचं गाणं होतं. खेकडा चपला घ्यायला बाजारात जातो आणि किती पायांच्या घ्याव्यात ते त्याला कळत नाही. चाळिशीला आलेल्या मी भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर, आठवलं तेवढं म्हणून दाखवलं. संपल्यावर काकांचा हात गाडीच्या टाकीवर गेला. आता दोन टिचक्या वाजणार आणि "चला, डबल" म्हणून ते निघणार, असं मी धरून चाललो होतो.

काकांनी एकच टिचकी मारली.

"परत म्हन," ते म्हणाले.