दहा वाजून चार मिनिटं

"बाबा, एक सांगायचं होतं, गेल्या आठवड्यात मी..." इथवर मुलगी बोलली आणि पडदा निळा झाला. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत कॉम्प्युटरने दिलगिरी व्यक्त केली, खाली एक लांबलचक आकडा दाखवला आणि मान टाकली. लिफ्टकाकांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दहा वाजून चार मिनिटं. दर रविवारी दहाला मुलीचा व्हिडिओ कॉल लागायचा आणि दहा चारला हे असं व्हायचं. सात महिन्यांत यात खाडा नव्हता. काकांचं "गेलं!" भिंतीपलीकडे ऐकू आलं की शेजारीणबाई दुधाखालचा गॅस बंद करायच्या, इतकी वेळ पक्की.

अर्ध्या मिनिटात मोबाइल वाजला.

"घाबरू नका बाबा. काय दिसतंय तेवढं सांगा."

"निळं."

"आणि निळ्यावर काय लिहिलंय?"

"थांब, चष्मा घेतो."

खरं तर "घाबरू नका, काय दिसतंय तेवढं सांगा" हे वाक्य काकांचंच. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मध्ये कोणी अडकलं की काका बाहेरून दाराशी तोंड नेऊन हेच म्हणायचे. त्यांच्या कामाचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही: आत माणूस आहे तोवर बोलणं तोडायचं नाही. हात यंत्रावर, तोंड माणसाशी. आतल्या बाईचे गुडघे, जावयाची नोकरी, सुनेचा स्वभाव, सगळ्याची इतक्या मायेने विचारपूस व्हायची की एका आजींनी दार उघडल्यावर "एवढ्यात झालं?" असं विचारलं होतं. दार उघडलं की काका मात्र "बरं" म्हणायचे, पेटी उचलायचे आणि मागे न बघता जिना उतरायचे.

घरी कोणी अडकलेलं नसे, त्यामुळे घरी बोलायचं काही कारणही पडत नसे. बायको होती तोवर निभावलं, ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली. मुलगी नोकरीसाठी विमानाने चौदा तास लांब गेली. मग फोन सुरू झाले, तेही कसे? "जेवलीस?" "हो." "थंडी आहे?" "आहे." "बरं, ठेवतो." पाच मिनिटं झाली तर डोक्यावरून पाणी. फोन ठेवल्यावर काका तासभर त्याच खुर्चीत बसून राहायचे, आणि काय काय सांगायचं राहिलं ते त्यांना तेव्हा आठवायचं.

म्हणून मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिने आपला जुना कॉम्प्युटर बाबांसाठी लावून दिला. सगळा मराठीत करून दिला. तिकडे बसून इथलं काही नीट करता यावं म्हणून त्याची एक चावीही स्वतःकडे ठेवली. ही चावी लोखंडाची नसते, एवढं काकांनी समजून घेतलं होतं. जाताना पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली: "काहीही विचारलं तरी 'नंतर' दाबायचं." आता काका म्हणजे सूचना पाळणारा माणूस. कॉम्प्युटरने काही विचारायचा अवकाश, काका "नंतर" दाबून मोकळे. नवं बसवू का? नंतर. जुनं बदलू का? नंतर. शेवटी त्या यंत्राने मनातल्या मनात काय तो निर्णय घेतला असावा.

पण या बिघाडाची एक गंमत होती. पडदा निळा झाला की काकांना वाचा फुटायची. बटण बंद करा, तीस आकडे मोजा, परत लावा, मग "तपासणी चालू आहे, बारा टक्के" असं काहीतरी यायचं आणि ते तासभर गोगलगायीसारखं सरकत राहायचं. एवढा वेळ बोलणं तोडायचं कसं? नियम तो नियम. मग शेजारीणबाईंचं नवं कुलूप, मुलीचा खडूस साहेब, तिच्या खोलीतला गळका नळ, काकांचा दुखरा खांदा, एकेक बाहेर पडायचं. एकदा एकसष्ट टक्क्यांवर काका बोलून गेले, "तुझ्या आईचं कपाट मी अजून उघडलेलं नाही."

"बाबा, किती टक्के झाले?"

"एकसष्टच."

"मग असू दे. घाई नाही."

त्या दिवशी सव्वाबारा वाजले.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एका रविवारी बोलता बोलता मुलीला जांभई आली आणि ती म्हणाली, "अख्खा रविवार यातच जातो बघा माझा." एवढंच. काकांच्या मनाला ते लागलं. पोरगी आठवडाभर राबते, एक सुट्टीचा दिवस, तोही बापाच्या डबड्यापायी वाया जातो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं सुधारणाऱ्या माणसाच्या घरात एक यंत्र सुधारू नये, ही लाजेचीच गोष्ट होती. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच काका दुरुस्तीवाल्याच्या पायरीवर हजर.

दुरुस्तीवाला चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला आणि अतिशय तत्त्वाचा माणूस होता. घरी येऊन त्याने चार बटणं दाबली आणि कपाळाला हात लावला.

"काका, यातला ड्रायव्हर सहा वर्षांचा आहे."

"म्हणजे?"

"पडद्याला चित्र दाखवणारा एक पार्ट असतो. त्या पार्टचं आणि कॉम्प्युटरचं एकमेकांशी बोलणं करून देणारा जो मधला मध्यस्थ, तो ड्रायव्हर. तुमचा म्हातारा झालाय. व्हिडिओ सुरू झाला की चार मिनिटं तग धरतो, मग त्याला झेपत नाही."

"मध्यस्थ गेला की दोघांचं बोलणं बंद," काका म्हणाले.

"बरोबर. तुम्हाला पटकन कळलं."

काका भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत होते. ते म्हणाले, "कळायला काय, अनुभव आहे."

"पण काका, तुमची लेक याच धंद्यातली ना? तिच्या कसं लक्षात आलं नाही हे?"

"तिला कामं असतात," काका जरा घुश्शातच म्हणाले. "तुम्ही तुमचं बघा. किती वेळ लागेल?"

"दोन मिनिटं."

आणि खरोखरच दोन मिनिटांत झालं. सात महिन्यांचा रोग दोन मिनिटांत बरा झाला, याचं काकांना बरंच वाटायला हवं होतं.

रविवारी दहाला कॉल लागला. दहा चार झाले. काका खुर्चीचे हात धरून बसले. दहा पाच झाले. मुलगी पडद्यावर तशीच, हसरी, स्वच्छ, केसांची बट सुद्धा दिसत होती.

"बाबा, आज बंद नाही पडला."

"नीट करून घेतला. तुझा रविवार वाया जात होता."

"अच्छा," मुलगी म्हणाली.

"हो."

मग दोघंही एकमेकांकडे बघत बसले. पलीकडे शेजारीणबाईंचं दूध उतू गेल्याचा वास आला. काकांनी घसा साफ केला, टेबलावरचा नसलेला कचरा झटकला आणि दहा सातला त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बरं, ठेवतो."

पुढचे तीन रविवार असेच गेले. कॉम्प्युटर इतका गुणी झाला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. काका आठवडाभर बोलायच्या गोष्टी जमवायचे, कागदावर लिहूनही ठेवायचे, आणि पडद्यावर मुलगी आली की कागद तसाच खिशात राहायचा. लिहून आणलेलं वाचून दाखवायला पोटची पोर म्हणजे काय सोसायटीची सभा? त्यांना पोरीची आठवण यायची, आणि समोर दिसत असताना जास्तच यायची. चौथ्या आठवड्यात त्यांना कळून चुकलं, की आपल्याला ते निळं परत हवंय.

ते दुकानात गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तो जुना ड्रायव्हर परत बसवून द्या."

दुरुस्तीवाल्याने आधी त्यांच्याकडे आणि मग दुकानात दुसरं कोणी नाही ना, म्हणून दाराकडे पाहिलं. "काका, लोक बिघडलेलं चांगलं करायला आणतात."

"माझं चांगलं झालंय, तीच तक्रार आहे."

"मी नाही करणार. उद्या लोक म्हणतील, हा मशिनं बिघडवून देतो. धंद्याचं काय माझ्या?"

"करू नका. कसं करतात ते सांगा. मी काही लिफ्ट पाडायला सांगत नाहीये."

दुरुस्तीवाल्याचं तत्त्व बिघडवण्याच्या आड येत होतं, सांगण्याच्या नव्हतं. त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पाच पायऱ्या लिहून दिल्या. शनिवारी संध्याकाळी सात वाजता काकांनी दार लावलं, पुठ्ठा समोर ठेवला आणि एकेक पायरी चढले. शेवटी कॉम्प्युटरने विचारलं, "बदल पूर्ण करण्यासाठी बंद करून पुन्हा सुरू करू का?" आता ही सहावी पायरी पुठ्ठ्यावर नव्हती. काकांनी चिठ्ठीकडे पाहिलं आणि सवयीने "नंतर" दाबलं. कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून ते झोपले, आणि कित्येक दिवसांनी त्यांना छान झोप लागली.

सकाळी उठून बघतात तर पडदा काळा. मध्येच एक ठिपका गरगर फिरायचा, मग पुन्हा अंधार, पुन्हा ठिपका. निळं नाही, आकडा नाही, टक्के नाहीत. निळ्याचा काकांना सराव होता. हे काळं प्रकरण नवीन होतं. साडेनऊला ते दुरुस्तीवाल्याला घरून घेऊन आले. बिचारा हातातला चहा अर्धा टाकून आला होता.

त्याने पेन ड्राइव्ह लावला, कसंबसं आत शिरून नोंदी उघडल्या आणि बराच वेळ वाचत राहिला. "काका, तुम्ही हे दोनदा केलंत?"

"एकदाच. सातला."

"सातची नोंद आहे. पण ती अर्धवट राहिली, कारण तुम्ही 'नंतर' दाबलंत. आणि वर रात्री साडेआठला तेच काम पुन्हा कोणीतरी केलंय. जुन्यावर आणखी जुना चढवला, मग मशीनने डोळे फिरवले." त्याने चष्मा वर सरकवला. "हे या खोलीतून झालेलं नाही. बाहेरून झालंय. याची चावी कोणाकडे आहे का?"

काका काही बोलणार तेवढ्यात मोबाइल वाजला. दहा वाजून चार मिनिटं झाली होती.

"बाबा, तुम्ही दिसत नाही आहात. घाबरू नका, काय दिसतंय तेवढं सांगा."

"काळं."

"काळं?" मुलीचा आवाज बदलला. "निळं नाही?"

"निळंच दिसायला हवं होतं का गं?"

दुरुस्तीवाला उगाचच वायरी न्याहाळू लागला.

"बाबा, तुम्ही काही केलं होतंत का काल?"

"आधी तू सांग."

"मी विचारलं आधी."

"मी बाप आहे."

मुलगी हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "मला पहिल्याच रविवारी कळलं होतं काय झालंय ते. इथे बसून दोन मिनिटांत नीट केलं असतं. मग तुम्ही पाचव्या मिनिटाला 'बरं' म्हणाला असतात."

काकांनी पडद्याच्या कडेची चिठ्ठी अंगठ्याने नीट दाबून बसवली.

"लहानपणी एकदा मला तुमच्या कामावर घेऊन गेला होतात. आठवतं? एक बाई अडकल्या होत्या. तुम्ही दाराला कान लावून दीड तास त्यांच्याशी बोललात. त्यांना शाळेत कोणता विषय आवडायचा, ते सुद्धा विचारलंत. मी जिन्यावर बसून ऐकत होते. मला कधी नव्हतं विचारलं तुम्ही. मला वाटायचं, आपणही एकदा अडकावं."

काकांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. पहिल्या कानाला काही झालं नव्हतं, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. मग ते म्हणाले, "कोणता आवडायचा?"

"भूगोल."

"म्हणूनच इतक्या लांब गेलीस."

"बाबा, आता याचं काय करायचं? फार बिघडलंय का?"

काकांनी दुरुस्तीवाल्याकडे पाहिलं. त्याने हसत दोन बोटं वर केली. दोन मिनिटं. काकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

"फार," काका म्हणाले. "माणूस म्हणतोय, इथे येऊन बसल्याशिवाय व्हायचं नाही. महिना तरी धर."

"मग मी रजा टाकते. येते मी. तोवर कोणाला हात लावू देऊ नका."

"नाही लावू देत. आणि हे बघ, फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत. तुम्ही पण 'बरं' म्हणू नका."

"नाही म्हणत."

काका खुर्चीत नीट मागे टेकून बसले. तत्त्वाच्या माणसाला मात्र हे बघवेना. त्याने टेबलावर पेन ड्राइव्ह वाजवला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "काका, करून टाकू का?"

काकांनी मोबाइलवर हात ठेवला.

"नंतर," ते म्हणाले.