अठ्ठेचाळीस व्होल्ट

दोन दिवसांनी बाईंच्या घशाचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि नंतर महिनाभर बोलायला बंदी. परगावची नात मात्र दुपारी फोनवर आजीची गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नसे. लेकीने तोडगा काढला: तीस गोष्टी रेकॉर्ड करा, पॉडकास्ट करू, इतरांची पोरंही ऐकतील. माईक तिने पाठवला. माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, तेवढी बाबांनी आणायची होती.

बाबा निवृत्त वायरमन. दुकानदार म्हणाला, "माईक एकच ना? मग एका सॉकेटची घ्या." पण चाळीस वर्षं घरोघरी विजेचे दोन पॉइंट जास्तच काढून देत आलेला हा माणूस. आठ सॉकेटची पेटी घेऊन आला.

"अहो, तोंड एकच आहे माझं."

"पुढे लागतील."

"तोंडं?"

पहिल्या सॉकेटात माईक लावला. आवाज नाही. दुसऱ्यात नाही. आठव्यातही नाही. दर वेळी बाई पहिल्यापासून सांगत, "एक होतं अस्वल. त्याला सारख्या शिंका यायच्या," आणि बाबा म्हणत, "जरा मोठ्याने!" अस्वल आठ वेळा शिंकलं. शेवटी लेकीला फोन लावला.

"बाबा, ४८ व्होल्टचं बटण दाबलंत का? त्या माईकला पेटीतून वीज लागते."

"तुझ्या आईच्या ओठांपासून चार बोटांवर अठ्ठेचाळीस व्होल्ट?"

"काही होत नाही हो. सगळे दाबतात."

"सगळे दाबतात म्हणूनच मला चाळीस वर्षं काम मिळालं."

मग बाबांनी मीटर काढला, अर्थिंग तपासलं, भिंतीतलं सॉकेट बदललं. दोन तास बाई लाकडी स्टुलावरून ओरडत होत्या, "दाबा हो एकदाचं!" रबरी हातमोजे घालून बाबांनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी नाचली.

"हं, बोल आता."

बाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

दुसऱ्या दिवशीही तेच. बाईंनी गोष्टींची वही बाबांपुढे सरकवली. बाबा वाचू लागले. चुकले की बाई टेबलावर चमचा वाजवत. अस्वल बऱ्याच वेळा चुकलं.

आठवड्याने लेकीचा फोन आला. बाई ऑपरेशन होऊन घरी आल्या होत्या, गप्प.

"बाबा, पोरगी म्हणते, गोष्ट आजोबांची आणि टकटक आजीची. टकटक ऐकली की झोपते. पण चमचा फार बारीक ऐकू येतो हो. त्याला वेगळा माईक लावा ना."

बाबांनी फोन ठेवला आणि सावकाश दुसऱ्या सॉकेटवर बोट ठेवलं.

"मी म्हटलं नव्हतं, पुढे लागतील?"

बाईंनी चमचा उचलला आणि या वेळी टेबलावर नाही, त्या बोटावर वाजवला.