पहिले पन्नास किलोमीटर

शहराबाहेर मांजरीला राहायला आल्यावर ज्या माणसानं पहिल्यांदा माझी ओळख करून घेतली, त्यानं ना नाव विचारलं, ना गाव. तो म्हणाला, "वजन किती?"

मी नारायण पेठेत वाढलेली आणि जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. असल्या प्रश्नाचं काय करायचं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, दम लागला होता, म्हणून तोंडातून खरा आकडा निघून गेला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "रिकामं का भरलेलं?"

हे आबा. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर त्यांची पत्र्याची शेड आहे. ट्रकच्या मागे ट्रेलर ओढायचा तर दोघांच्या मध्ये जो लोखंडी हूक लागतो, तो आबा तिथे करून देतात. 'देतात' हे आपलं म्हणायचं. आलेल्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना ते चहा पाजून परत पाठवतात. ट्रकचं वजन किती, मागच्याचं किती, रिकामं किती, भरल्यावर किती, एवढं ज्याला सांगता येत नाही त्याच्यासाठी आबांचं दुकान बंद.

एकदा खराडीचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. त्याला कुणा मित्राच्या जुन्या ट्रकमागे चाकांवरचं हॉटेल जोडायचं होतं. त्यानं आबांना व्हिडिओ दाखवला. व्हिडिओत एक गोरा माणूस दुपारभरात हूक तयार करून शिट्टी वाजवत निघून गेला. आबांनी तो दोनदा पाहिला, मग त्याला एवढंच म्हणाले की व्हिडिओत उतार दिसत न्हाय. वजन काय असेल, विचारलं तर मुलगा म्हणे, मॅनेज होईल. "कोण करणार? दिवेघाटात ते हॉटेल मागनं ढकलाया लागलं की तुमी मॅनेज करणार का हॉटेल?" मुलगा चहा पिऊन गेला.

माझ्या बाल्कनीची जाळी बसवायला आबा आले तेव्हा आमच्या लिफ्टचीही तीच गत. आत आठ माणसांची पाटी होती आणि सातच माणसं होती. आबांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं, मनात बेरीज केली आणि सोसायटीच्या अध्यक्षांना हात जोडून बाहेर काढलं. अध्यक्ष चिडले, सात म्हणजे सातच, म्हणाले. आबा म्हणाले, "तुमी दोन हाय." अध्यक्षांनी महिनाभर जिना वापरला. त्यांची तब्येत सुधारली, पण आभार मानल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्यांचं दुसरं खूळ साखळीचं. हूक कितीही भक्कम असो, खालून दोन साखळ्या, एकमेकींवरून फुली मारून. हूक निसटलाच तर ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न आपटता त्या फुलीत अडकतं. हे ट्रकचं झालं. पण आबांच्या चष्म्याला दोन दोऱ्या, लुनाला दोन कुलपं आणि डब्याला फडक्याच्या दोन गाठी. माझ्या दाराला कडी असताना त्यांनी खाली दुसरी बसवली आणि वर मला ऐकवलं, "बाई, एक जोड भरवशाचा, दुसरा अनुभवाचा." वाकून ती कडी लावताना रोज त्यांचा उद्धार करते मी.

तिसरी गोष्ट पिवळ्या रेघेची. नट आवळून झाला की नटावरून खालच्या लोखंडी प्लेटवर ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढायची. नट फिरला की रेघ तुटते. नवीन हूक घेतला की पहिले पन्नास किलोमीटर झाल्यावर परत शेडमध्ये यायचं, हा आबांचा दंडक. नवं लोखंड हादऱ्यानं बसतं, नट सैल होतात. रेघ तुटली असेल तर आबा पुन्हा आवळणार. शाबूत असेल तर नटाला बोटही लावायचं नाही. बसलेल्या नटाला उगाच पाना लावणारा माणूस त्यांच्या मते हलकट.

या रेघा ओढायचं काम वैशालीचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं. आई लहानपणीच गेली, पोर शेडमध्येच वाढली. बाहुल्या रंगवायच्या वयात नट रंगवत होती. लग्न झालं तेही शेजारच्या गल्लीत. नवरा संतोष, त्याचा दहा चाकी ट्रक. ती रोज दुपारी बापाचा डबा घेऊन यायची, राहिलेल्या रेघा ओढायची आणि बापाला चार शब्द सुनावून जायची. आबांचा दिवस त्या चार शब्दांवर चालायचा.

गेल्या हिवाळ्यात संतोषला लांब उमरग्याकडे रस्त्याचं काम मिळालं. ट्रक न्यायचा, मागे डांबर वितळवायचा बॉयलर ओढत न्यायचा आणि दोन-तीन वर्षं तिथेच बिऱ्हाड करायचं. सोमवारी बॉयलर पोचला नाही तर काम दुसऱ्याला, असं ठेकेदारानं बजावलेलं. ट्रकला हूक नव्हता. सासरा हूकवाला असताना काळजी कसली, असं संतोषला वाटलं. गरीब बिचारा!

तो म्हणाला, चेसीला दोन पट्ट्या वेल्डिंग करा, तासाभराचं काम. आबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. चेसीला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याला, आच दिली की तिथलं लोखंड ठिसूळ होतं, तिथे भोकं पाडून बोल्टच मारायचे, हे जावयाला माहीत नसावं याचंच त्यांना दुःख. मग हूक केला. हुकाच्या वेल्डिंगवर डिझेल फासलं, पुसलं, वर खडू चोळला. थोड्या वेळानं पांढऱ्या खडूत केसाएवढी काळी रेघ उमटली. म्हणजे आत चीर. हूक भंगारात. दुसऱ्या खेपेला भंगारातून आणलेली प्लेट पसंत पडेना, कुठल्या कारखान्यातली ते कळत न्हाय म्हणून. तिसऱ्या खेपेला हूक बॉयलरच्या दांडीपेक्षा चार बोटं उंच निघाला. शुक्रवार उजाडला. संतोष वैतागून म्हणाला, हडपसरला एक जण संध्याकाळपर्यंत करून देतो, तिकडे जातो.

आता पंचाईत खरी होती. दुसऱ्याच्या हुकावर बॉयलर जाणार आणि त्या ट्रकच्या केबिनमध्ये वैशाली बसणार.

मला राहवलं नाही. शिक्षिकेची खोड, सरळ विचारलं: आबा, खोट खरंच निघते की पोर जाऊ नये म्हणून काढताय? आबांनी खडूचे हात झटकले.

"खोट खरीच हाय, बाई. लोखंडाबद्दल खोटं बोललो न्हाय कधी. पण खोट घावली की बरं वाटतं."

मी घरी गेले आणि त्यांच्यासाठी उपमा करून आणला.

त्या दिवशी त्यांनी संतोषला थोपवलं, नवी प्लेट आणली, आठ नवे बोल्ट आणले आणि शनिवारी दुपारी खडू पांढराशुभ्र राहिला. उंची बरोबर, साखळ्यांची फुली बरोबर. वैशालीनं खाली झोपून आठही नटांवर रेघा ओढल्या. आबा उभ्यानं बघत होते. खोट काही निघाली नाही.

राहता राहिले पन्नास किलोमीटर. संतोष म्हणाला, पन्नास जायचं अन् पन्नास परत यायचं, मग उमरग्याला कधी पोचू? मीच बघेन रेघा. आबा संध्याकाळी माझ्या दारात आले, दोन्ही कड्या वाजवून म्हणाले, "बाई, उद्या गाडी काढता का? पाटसपातूर. पन्नास भरत्यात."

रविवारी सकाळी ट्रक निघाला. वर कपाट, पलंग, गॅस, मागे बॉयलर आणि त्याच्या मागे आम्ही. उरुळीपर्यंत आबांनी मला तीसच्या वर जाऊ दिलं नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून काय काय म्हणत होते ते नारायण पेठेतही ऐकलं नव्हतं मी. आबांची नजर त्या हुकावरून हलत नव्हती. मग एकदाचं त्यांनी पुढे काढायला सांगितलं, आणि पाटसला एका हॉटेलपाशी आम्ही ट्रकची वाट बघत बसलो. आबांच्या मांडीवर पाना होता. चहा त्यांनी घेतलाच नाही.

ट्रक आला, थांबला. चाकांना दगड लावून घेतले आणि आबा खाली शिरले. मीही गुडघे धरून वाकले. आठही रेघा शाबूत होत्या. एकही नट तसूभर हलला नव्हता.

आबा तसेच पडून राहिले. मग त्यांनी पाना उचलला, एका नटावर ठेवला आणि "हं" असा जोर लावल्याचा आवाज काढला. पाना फिरला नाही. रेघ जिथल्या तिथे. बाहेर येऊन ते जावयाला म्हणाले, "पाव फेरा ढिला झालाच हुता. आजून पन्नासनं एकदा बघाया लागंल."

संतोष म्हणाला, बरं झालं आलात. वैशाली मात्र खाली वाकली. रेघा तिच्याच हातच्या होत्या, तिला कुणी शिकवायला नको होतं. सरळ झाली तेव्हा तिचे डोळे भरले होते. पण ती बापाला काही सुनावणार नाही असा हा पहिलाच दिवस असावा. तिनं त्यांच्या पाठीवरची माती झटकली.

"मग पुढचं कुठं थांबू, आबा?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा वजनदार माणूस, पण मला विचारायचा त्यांना धीर होत नव्हता. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि दुपारी घरी पाहुणे येणार होते.

"भिगवणला थांब," मी वैशालीला म्हणाले. "तिथले मासे फार चांगले असतात. मला खायचेच आहेत कधीपासून."

मी जन्मात मासा खाल्लेला नाही.