फिरत्या महालाचे इंजिन वाऱ्याने निववावे की पाण्याने, या मसलतीची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. अग्नी, वायू आणि वरुण या तिघांस समसमान दंडवत घालून, कारण एकास अधिक घातला तर दुसऱ्याचे पक्षकार घरी भांडावयास येतात, हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे चाळीस, संवत्सराचे नावच विलंबी, तेव्हा पुढे जे जाहले त्याचा बोल एकट्या श्रीमंतांस लावणे बरे नव्हे. ते समयी एका दौलतीत श्रीमंत विसाजीराव राज्य करीत होते. दौलतीची हद्द पूर्वेस नळ, पश्चिमेस मेंदीचे कुंपण, आणि फौज म्हणाल तर एक म्हातारे कुत्रे. नोकरीतून निवृत्त होऊन श्रीमंतांनी सिंहासन, म्हणजे ओट्यावरील वेताची खुर्ची, ग्रहण केले. पट्टराणी वेणूबाईसाहेब यांचे गुडघे दुखत, बसून लांबचा प्रवास होईना, आणि त्यांची थोरली बहीण अक्कासाहेब, वय ऐंशीच्या पुढे, दोन घाटांपलीकडे समुद्रकाठी एकटी राहात असे. बहिणींची भेट होऊन बहुत वर्षे लोटली होती. सबब श्रीमंतांनी प्रतिज्ञा केली की आम्ही फिरता महाल सिद्ध करू, आणि तुम्हांस त्यात निजवून अक्कांच्या दारात नेऊन उतरवू. मग एक जुनी व्हॅन आणविली, आणि बाईसाहेबांनी महिन्याभरात तीत गादी घातली, पडदे शिवले, शेगडी बसविली. राहिले एक इंजिन. जुने गतप्राण जाहले होते, दुसरे घालणे प्राप्त, आणि तेथेच घोडे पेंड खाऊ लागले.

दौलतीत दोन तट पडले. फडणीस त्रिंबकपंत, हे शेजारचे, यांनी हयातभर जुनी स्कूटर दामटली, ते वाऱ्याचे अभिमानी. म्हणत, इंजिन वाऱ्याने निवते ते बरे, रेडिएटर नाही, नळी नाही, जे मुळात नाहीच ते फुटेल कैसे. दारोगा बाळाजी, हे बाईसाहेबांचे मावसभाऊ, ते पाण्याचे. म्हणत, घाटात गाडी मुंगीच्या पावलाने चढणार, तेथे वारा काय तुमचा काका आणून देणार, इंजिनाभोवती पाणीच खेळले पाहिजे. त्रिंबकपंत बोलत तोवर श्रीमंतांस वारा पटे, आणि बाळाजी बोलू लागले म्हणजे पाणी पटे, आणि दोघे एकदम बोलत तेव्हा श्रीमंत चहा मागवीत. मुत्सद्दी रोज येत, खलबत होई, आणि बाईसाहेबांनी अक्कांसाठी घातलेले लोणचे त्या खलबतांत पोह्यांबरोबर खलास जाहले. प्रस्तुत बखरकारही पोहे खाऊन दोहींकडे मान डोलवीत असे.

शेवटी ग्रामदेवीस कौल लावावा ऐसे ठरले. देवीच्या अंगी पाण्याने दोन कळ्या चिकटविल्या, उजवी पडली तर वारा, डावी पडली तर पाणी. उजवी पडली. त्रिंबकपंतांनी पेढे आणावयास माणूस धाडिला, तों बाळाजींनी छताकडे बोट दाखविले की पंखा चालू होता, हा वाऱ्याने आपल्याच बाजूने केलेला पक्षपात. मग पंखा बंद करून कळ्या पुन्हा लाविल्या, आणि डावी पडली. त्रिंबकपंत म्हणाले, गुरवाने तिला पाणी अधिक लाविले, ओझ्यानेच पडली. गुरव संतापला, म्हणाला, नैवेद्याची वेळ जाहली, आता उठा. श्रीमंत परतले ते पहिल्याहून अधिक गोंधळून, आणि खुर्चीत टेकतात तों बाईसाहेब ओट्यावर आल्या.

"तुमचे इंजिन गरम होईल, याची सगळ्यांना काळजी," त्या म्हणाल्या. "माझी अक्का थकली आहे. तिला काही झाले, तर हे पडदे मी कशाला शिवले?"

श्रीमंत खुर्चीतून उठले. उद्याच ठरवितो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. परंतु उद्या बाळाजी आले.

ऐसे वर्ष सरत आले, आणि एके दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली, आणि तीतून कापडी पिशवी घेऊन खुद्द अक्कासाहेब उतरल्या. वेणूबाई गुडघे विसरून धावल्या, आणि दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि मुत्सद्दी आपापल्या चपला शोधू लागले. अक्का म्हणाल्या, वाट पाहून डोळे शिणले, म्हटले आपणच एसटीने निघावे, नाहीतर मंडळी दहाव्यालाच यायची. श्रीमंत शरमले, आणि जे सुचले ते बोलून बसले की अक्का, आपण आलात त्या एसटीचे इंजिन वाऱ्याचे होते की पाण्याचे?

अक्कांनी पिशवी खाली ठेविली. "मला काय ठाऊक, विसाजीराव? मी खिडकीशी बसले होते."

मग दोघी बहिणी त्या बिनइंजिनाच्या महालात निजल्या, हसल्या, जुन्या गोष्टींवरून भांडल्या, आणि श्रीमंत पायरीपर्यंत चहा नेऊन देत. पुढे अक्का परत निघाल्या, तों वेणूबाईंचीही पिशवी भरलेली. श्रीमंतांनी पुसले, गुडघ्यांचे काय? त्या म्हणाल्या, दुखतील, घरी बसूनही दुखतातच; तुमचे ठरले म्हणजे तुम्ही या. आणि गेल्या. श्रीमंतांस घर खायला उठले.

सारांश, दुसरे दिवशी मुत्सद्दी खलबतास आले तों ओटा रिकामा. श्रीमंत पहिल्या एसटीने कूच करून गेले होते, जागा मिळाली नाही, दोन्ही घाट उभ्याने ओलांडले, आणि येणेप्रमाणे दौलतीची पहिली मोहीम अक्कांच्या दारी पोहोचली. वेणूबाईंनी उंबऱ्यातच विचारले, ठरले का?

"नाही," श्रीमंत म्हणाले. "पण आलो."