चारशे बारा नंबरचा शेवट

राजनंदिनीनं यादीत शेवटचं पुस्तक चढवलं आणि टाळी वाजवली. "बावन्न झाली की ओ पप्पा! तालमीत पयला नंबर तुमचाच!"

गणपतरावांच्या हातातला कप बशीत खडखडला आणि चहा लुंगीवर सांडला. चटका बसला, पण त्यांना तो कळलासुद्धा नाही.

"पयला म्हंजे... हौद्यात उतरायचं?"

"मग! इकबालचाचांनी फळ्यावर नाव लिवलंय. रविवारी सकाळी दहाला. मी कॉलेजच्या समद्या पोरींना बोलवलंय."

गल्लीच्या तालमीत खाली लाल मातीचा हौदा आणि माडीवर वाचनालय होतं. तालमीचे वस्ताद पिराजी यांनी दोन्हींना एकच शिस्त लावली होती. वर्षभरात ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त पुस्तकं, त्याला डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी फेटा बांधून हौद्यात उतरवायचं. मग कुणीही उठावं आणि त्याच्याशी जोड लावावी. कुस्तीची नव्हे, प्रश्नांची. त्यानं वाचलेल्या पुस्तकांतलं काहीही विचारावं. उत्तर चुकलं की वस्ताद मूठभर माती उधळून आरोळी ठोकत, "चितपट!" गेल्या वर्षीचे मानकरी तिसऱ्या प्रश्नाला चितपट झाले होते. ते अजूनही भाजी आणायला लांबच्या बोळातून जातात.

गणपतरावांची खरी गोष्ट त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत स्टोअरकीपर होते. दर शनिवारी नवं पुस्तक आणायचं आणि आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये वाचायचं, असा त्यांचा नेम होता. उचगाव आलं की पुस्तक उघडायचं आणि गोकुळ शिरगाव आलं की डोळे मिटायचे. दुसऱ्या दिवशी कालचं आठवायचं नाही, म्हणून पुन्हा चार पानं मागं जायचं. असं करत शनिवारपर्यंत गाडी पान तिसावर यायची, आणि तेवढ्यात पुस्तक बदलायचा दिवस उजाडायचा. बावन्न पुस्तकं आणि प्रत्येकाची पानं तीस. एकाही गोष्टीचा शेवट गणपतरावांना माहीत नव्हता.

फेट्याची त्यांना हाव नव्हती. पण राजनंदिनीनं वर्षभर ती यादी मोठ्या मायेनं ठेवली होती. प्रत्येक पुस्तकापुढं तालमीतला नंबर आणि लाल शाईची चांदणी. "माझे पप्पा आठवड्याला एक पुस्तक वाचत्यात," असं ती भेटेल त्याला सांगायची, आणि बापाचं बघून स्वतःही वाचायला लागली होती. बाकी जगानं हसावं, त्याचं काही नाही. त्या पोरीच्या नजरेतून उतरणं मात्र गणपतरावांना परवडणारं नव्हतं.

संध्याकाळी ते वस्तादांकडे गेले. वस्ताद बदाम ठेचत बसले होते.

"वस्ताद, औंदा मला सोडा. घसा बसलाय."

"हळद घालून दूध पी."

"न्हाय म्हंजे, माझ्यापेक्षा लायक मानूस..."

वस्तादांनी वरवंटा खाली ठेवला. "गणपा, नाव फळ्यावर चढल्यावर माघार घेतली, तर तालमीच्या दारात उभा करनार न्हाय तुला. आनि तुझ्या पोरीलाबी माडीवर पाय ठेवू देनार न्हाय."

एक उपाय होता. सगळ्या पुस्तकांची निदान शेवटची पानं चाळायची. शनिवारी रजा टाकून ते माडीवर धावले, तर ग्रंथपाल इकबालभाई कपाटाला कुलूप घालत होते.

"इकबालभाई, जरा दोन मिनटं बघू द्या की ती पुस्तकं."

"आता हात लावायचा न्हाय, वस्तादांचा हुकूम हाय. उद्या हौद्याशेजारी टेबलावर मांडायची हाईत. लोक चाळून प्रश्न काढनार." मग ते हसले. "तुमाला काय भ्या? तुमी तर कोळून प्यालाय."

रविवारी फेटा डोक्यावर चढला तेव्हा गणपतरावांना तो दहा किलोचा वाटला. मातीत खुर्ची मांडली होती. समोर गल्ली जमलेली, पहिल्या रांगेत राजनंदिनी मोबाईल धरून. हलगी थांबली आणि वस्ताद स्वतःच उठले.

"सतरा नंबर! हिरोचा बाप काय धंदा करतोय?"

गणपतरावांनी डोळे मिटले. बाप... बाप सायकलींचं पंक्चर काढत होता. पान चार!

"पंक्चरचं दुकान!"

"बरुबर!"

मग एक निवृत्त मास्तर उठले. त्यांनी तेवीस नंबरमधल्या वाड्याचा रंग विचारला. पान नऊ. दूधवाल्यानं चाळीस नंबरमधल्या कुत्र्याचं नाव विचारलं. पान एकवीस. सहा प्रश्न झाले, सहाही उत्तरं आली. कपाळावरचा घाम पुसता पुसता गणपतरावांची नजर टेबलावरच्या पुस्तकांकडे गेली, आणि त्यांना एक नवल दिसलं. प्रत्येक पुस्तकाची सुरुवातीची बोटभर पानं हाताळून काळी पडली होती. पुढची सगळी कोरी करकरीत.

अख्खी तालीम पान तिसावरच झोपत होती!

गणपतरावांचा जीव भांड्यात पडला. ते खुर्चीवर ऐसपैस बसले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अजून कुनाला जोड लावायची हाय?"

हे त्यांनी बोलायला नको होतं. तालमीच्या दारात फुटाणे विकणारी म्हातारी अंबूबाई पाटी बाजूला ठेवून उभी राहिली.

"मला इचारायचं हाय. त्ये टेबलावरचं चारशे बारा नंबर. रखमाचं प्वार जत्रंत हरवतंय, ती त्याला हुडकत गावोगाव हिंडती. श्येवटाला गावलं का वं त्ये प्वार?"

वस्तादांनी विचारलं, "अंबूबाई, तू कवा वाचलंस?"

"फुटान्यांच्या पुड्या करायला रद्दीत आलतं की. येकेक पान वाचायचं आनि मग पुडी बांधायची. श्येवटची पानं वाचायच्या आदीच गिऱ्हाईक फुटानं घिऊन गेलं. दोन वर्सं झाली. वैतागलोय मी. रातीला रखमा डोळ्यापुढं येती. सांगा की, गावलं का?"

खरं सांगावं, तर समोर राजनंदिनीचा मोबाईल होता. खोटं सांगावं, तर समोर अंबूबाई होती. तिचे ओठ आधीच थरथरत होते. वस्तादांचा हात मातीकडे गेला.

"गावलं," गणपतराव म्हणाले.

"कुटं?"

"आपल्या... आपल्या कोल्हापूरच्या स्टँडवर. फलाटावर बसलं हुतं. रखमानं लांबनंच वळीकलं."

अंबूबाईनं पदर डोळ्यांना लावला. "लई बरं झालं बाबा. लई बरं झालं." हलगी कडाडली. वस्तादांनी गणपतरावांना खांद्यावर घेतलं आणि राजनंदिनी शिट्ट्या मारू लागली.

खाली उतरताच अंबूबाई गणपतरावांच्या कानाशी आली. "आता मीबी मेंबर हुतो. श्येवट माझ्या डोळ्यानं वाचतो."

गणपतरावांनी फेट्यासकट टेबलाकडे धाव घेतली आणि चारशे बारा नंबर तिथल्या तिथं आपल्या नावावर घातलं.

सोमवारी बस गोकुळ शिरगावला आली आणि त्यांना झोप आली नाही. मंगळवारीही नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते पान एकतिसावर गेले, ते भीतीपोटी. शनिवारी कंपनीच्या फाटकाशी बस थांबली तेव्हा शेवटचं पान संपलं. पोर सापडत नाही. रखमा एका परक्या गावात, देवळाच्या पायरीवर, त्याची वाट बघत मरून जाते.

गणपतराव बसमधून उतरले नाहीत. ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली. त्यांना रडू येत होतं, आणि रडतानाच भीतीही वाटत होती.

पुस्तक हरवलं म्हणावं, तर इकबालभाई नवी प्रत मागवणार. म्हणून दर शनिवारी ते माडीवर जात आणि तेच पुस्तक पुन्हा आपल्या नावावर घालत. अंबूबाई दर सोमवारी विचारायची, "आलं का वं माघारी?" इकबालभाई सांगायचे, "गणपतरावांकडंच हाय." तिला कौतुकच वाटायचं. गणपतराव मात्र तिच्या पाटीसमोरून मान खाली घालून जायचे.

असं वर्ष सरलं. डिसेंबरात इकबालभाईंनी रजिस्टर उघडलं. गणपतराव, नोंदी बावन्न. सगळ्या चारशे बाराच्या.

"येकच डाव बावन्न येळा घोटलाय ह्यानं!" वस्ताद गरजले. "पैलवान म्हंत्यात त्यो ह्यो! औंदा प्रश्न न्हाईत. गणपा हौद्यात उभा ऱ्हाऊन पयल्या पानापासनं श्येवटच्या पानापतूर गोष्ट सांगंल!"

पुन्हा रविवार, पुन्हा फेटा. या वेळी गणपतरावांना शब्दन् शब्द पाठ होता, आणि भीती दुप्पट होती. अंबूबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं सगळ्यांना फुकट फुटाणे वाटले होते. "सावकाश सांगा. त्यो स्टँडवरचा भाग आला की जरा जास्त सांगा."

गणपतराव हौद्याच्या कडेला थांबले. राजनंदिनी फेट्याचा शेमला सारखा करायला आली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, त्ये पुस्तक मीबी वाचलंय. मार्चमधीच. तुमी अंघोळीला गेलता तवा घ्यायची."

"सगळं?"

"सगळं."

"मग... तुला ठावं हाय."

"ठावं हाय. यादीतली बाकीची किती वाचली असतील, त्येबी कळलं." तिनं बापाकडे पाहिलं. गेल्या वर्षीपेक्षा ती नजर वेगळी होती, पण खाली उतरलेली नव्हती. "श्येवट तुमचाच सांगा. पुस्तकातला नको."

गणपतराव मातीत उतरले. त्यांनी रखमाची गोष्ट तासभर सांगितली, आणि स्टँडचा भाग आला तेव्हा पोराच्या हातात फुटाण्यांची पुडीसुद्धा दिली. अंबूबाई पोटभर रडली. वस्तादांनी नाक पुसलं आणि गल्लीभर टाळ्या वाजल्या. चूक काढायला कुणीच उठलं नाही. पान तिसाच्या पुढं कोण गेलं होतं?