शेंडे सरांची वासाची वही

१७ नोव्हेंबर, सोमवार. आज रसायनशास्त्राचं कपाट आवरलं.

आमच्या कॉलेजातले शेंडे सर दर तासाला मला विचारतात, ‘मॅडम, वास येऊन राहिला का?’ समोर डबा, डब्यात मासोळी, तिच्याजवळ नखाएवढी हिरवी पट्टी, पट्टीला जोडलेलं मीटर. पट्टी वीज वाहणाऱ्या प्लास्टिकची. मासोळी नासली की अमोनिया सुटतो आणि मीटरचा आकडा चढतो. आकडा खरा की खोटा, हे ठरवायला माणसाचं नाक लागतं. सर मासेमाराच्या घरचे. म्हणतात, ‘मासोळीत वाढलो, मले वासच येत नाही.’ शिपाई दिवसभर तंबाखूचा खर्रा खातो. उरले मी.

मला संशय वेगळाच. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात. मी वास येतो म्हणायचं, यांनी वहीत लिहायचं आणि प्रयोगशाळेला घाण येते म्हणून वही प्राचार्यांपुढे ठेवायची. म्हणून वासानं डोकं उठलं तरी मी म्हणायचे, ‘नाही सर.’ मग सर पट्टी काढून फेकत आणि नवी बनवायला घेत. मला वाटे, डाव फसल्याचा राग.

आज बाटल्यांमागे ती वही सापडली. सरळ उघडली. ‘यंत्र: नासली. मॅडम: नाही. यंत्र चुकलं.’ पानोपानी हेच. रविवारी मात्र एकच ओळ: ‘आसगाव. आई: अजून नाही.’

सर दारात येऊन उभे राहिले.

‘अजून नाही म्हणजे काय?’ मी विचारलं.

‘तापानंतर आईचं नाक गेलं. एकदा नासकी मासोळी विकल्या गेली. आता बाया म्हणतात, बुढीकडून घेऊ नोका. टोपलं पालथं घालून घरी बसली. दर रविवारी आसगावले घरी जाऊन तिले मासोळी हुंगायले देतो. पट्टी टोपल्यात ठेवली तर बाजारात बसंल. पण पट्टीच खोटी निघून राहिली.’

‘पट्टी खरी आहे, सर. मी खोटं सांगत होते.’

सरांनी वही घेऊन पानं उलटली. ‘लय पट्ट्या फेकल्या, मॅडम,’ एवढंच म्हणाले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी बाजारातून फडफडती मासोळी घेतली, डब्यात ठेवली आणि शेजारी स्टूल ओढलं. तासाभरानं सरांनी विचारलं. मी हुंगून म्हणाले, ‘नाही.’

सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. ‘नक्की?’

मी डबा उचलून पुन्हा हुंगला. मग वही ओढून ‘नाही’ लिहिलं आणि पुढे सही केली.