मनुक्याचं द्राक्ष

“आता मी जे सांगणार हाय ते कुणालाच पटणार न्हाय,” सोमलिंगअज्जांनी वाटी पुढं सरकवत जाहीर केलं, “पण राती मनुक्यांची परत द्राक्षं झाली!”

नात वैष्णवी दातात रिबन धरून वाटीकडं बघतच राहिली. दारात शाळेची रिक्षा भोंगा वाजवून जीव खात होती. आज विज्ञान प्रदर्शन, आणि तिचा सगळा प्रयोग त्या वाटीत. सुकलेले काळे मनुके रात्रभरात पाणी ओढून टम्म फुगतात, एवढंच बाईंना दाखवायचं होतं.

घोटाळा सकाळी झाला होता. पोट साफ राहावं म्हणून अज्जांची बायको गंगम्मा रोज त्यांच्यासाठी भिजवलेल्या मनुक्यांची वाटी ओट्यावर ठेवी. आज वाट्या दोन. अज्जांनी पहिली संपवली, दुसरीही आपलीच समजून अर्धी केली, तेव्हा खालची चिठ्ठी दिसली. चष्मा देव्हाऱ्यात राहिलेला. चिठ्ठी लांब धरून त्यांनी ती कशीबशी लावली: ‘अर्धं पार. पटलं?’

बायकोचा टोमणाच तो! “पटलं की,” म्हणत त्यांनी उरलेले अर्धेही पार केले.

चष्मा लावल्यावर अक्षरं सरळ झाली: ‘अर्धपार्य पटल’, म्हणजे पाणी आत सोडणारी मनुक्याची साल. खाली नातीचं नाव.

मग अज्जांची धांदल उडाली. डब्यातले कोरडे मनुके गरम पाण्यात टाकले, ते फुगेनात. घाईनं कुकरात घातले, त्यांचा लगदा झाला. लगदा तुळशीच्या कुंडीत पुरला. शेवटी फ्रिज उघडला, तर समोर द्राक्षं.

“अज्जा, मनुके काळे होते. ही हिरवी आहेत.”

“अगं, पाणी आत शिरलं म्हंजे आतलं कुणी तरी भाईर सरकणारच की. रिक्षात सरकत्यात तसं. रंग सरकला.”

“मग पाणी कसं स्वच्छ?”

“रंग लई हलका असतोय. उडाला.”

“अवो, कुकरात काय करपलंय?” गंगम्मा आतून ओरडली.

“प्रयोगाला ऊब लागती!”

भोंगा पुन्हा वाजला. वैष्णवीचे डोळे भरून आले. तिनं एक द्राक्ष उचललं आणि भरलेले डोळे एकदम बारीक झाले. द्राक्ष तिच्या चिमटीत देठाला लोंबत होतं.

“हा देठ कुठून आला?”

“त्याच… त्या पटलातनं.”

“अज्जा, ते पटल पाणी आत सोडतं. साखरेलासुद्धा अडवतं. आणि देठाला दार उघडलं?”

अज्जांनी तोंड उघडलं, पण आधी त्यांचं पोटच गुरगुरलं, चांगलं लांबलचक.

“तुम्ही खाल्लेत!” वैष्णवी एवढ्यांदा ओरडली की रिक्षाचा भोंगासुद्धा थांबला. “चपला घाला आणि बसा रिक्षात. मनुके कुठं फुगलेत ते बाईंना तुम्हीच दाखवायचं!”